सड्यावरच्या कॉलनीचं खरं साल कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. प्लॉट पाडून बांधलेली बैठी कौलारू घरं, आता त्यांतल्या निम्म्या जागी तीन मजली इमारती. कमानीवर 'स्थापना १९५८' लिहिलंय. घरात सापडलेली सर्वांत जुनी घरपट्टीची पावती १९६३-६४ ची आहे. वडीलधारे सांगतात, आम्ही राहायला आलो ते १९६५ च्या दसऱ्याला. शिवाय सगळ्यांच्या तोंडी एक गोष्ट आहे की जमीन खोतांनी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या वतनदारांनी, दान दिली. स्मरणिका काढायची आहे, तर खरं साल कोणतं धरायचं आणि खोतांची गोष्ट छापायची का?

तिन्ही सालं खरी असू शकतात, माझा अंदाज तोच आहे. जमिनीचा सौदा, संस्थेची नोंदणी, बिनशेती परवानगी, प्लॉटची आखणी, पहिलं जोतं आणि पहिलं बिऱ्हाड या सहा वेगळ्या घटना आहेत आणि प्रत्येकीचा कागद वेगळ्या कचेरीत पडलेला असतो. कमानीवरचं साल बहुधा नोंदणीचं, पावतीवरचं आकारणीचं, वडीलधाऱ्यांचं बिऱ्हाडाचं. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर एकच साल हवं असेल तर नोंदणीचं घाला, ते कागदाने सिद्ध होतं. पण आत इतिहास लिहिणार असाल तर खरा प्रश्न वेगळा आहे: १९५८ ला स्थापन झालेल्या संस्थेत माणसं राहायला यायला सात वर्षं का लागली?

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. जागा तेव्हा नगरपालिकेच्या हद्दीत होती की शेजारच्या ग्रामपंचायतीत, यावर घरपट्टीचं दप्तर कुठे शोधायचं ते ठरतं. गाव खोती होतं की नव्हतं, जमिनीवर कुळ होतं की ती नुसती वरकस (हलकी, डोंगराळ) होती, यावर जमिनीची साखळी लहान की लांब ते ठरतं. आणि नंतर तिथे नगर भूमापन झालं असेल तर सर्व्हे नंबर मागे पडून सिटी सर्व्हे नंबर पुढे आलेला असतो. मग एक पायरी वाढते.

सुरुवात सोसायटीच्या कपाटापासून करा. नोंदणीचा दाखला काढा आणि साल बघण्याआधी कायद्याचं नाव बघा. १९५८ ला नोंदलेली संस्था १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली असणार. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा प्रत्यक्ष लागू झाला २६ जानेवारी १९६२ ला. दाखल्यावर हा नवा कायदा असेल तर १९५८ हे नोंदणीचं साल नाही. ते प्रवर्तकांच्या पहिल्या सभेचं असेल किंवा कमान रंगवणाऱ्याला कुणी तरी तोंडी सांगितलेलं. उलट चूकही होते. जुन्या संस्थांना नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी करावी लागली नाही, त्या आपोआप नोंदलेल्या धरल्या गेल्या. म्हणून १९६२ नंतरचा एखादा दाखला हाती लागला तर तो नोंदणीचा की उपविधी (संस्थेची नियमावली) दुरुस्तीचा, हे मजकुरात वाचा. दोन्ही कागद दिसायला जवळपास सारखे, शिक्काही त्याच कचेरीचा. मूळ दाखला हरवला असेल तर उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे नोंदणी पुस्तकाचा उतारा मागा.

त्याच कपाटात उपविधींची जुनी प्रत असेल तर त्यात संस्थेचा प्रकार पाहा. भाडेकरू-मालकी पद्धतीत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं. भाडेकरू-सहभागीदारी पद्धतीत दोन्ही संस्थेचं. बैठ्या घरांच्या प्लॉट कॉलन्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या. तसं असेल तर जमिनीच्या उताऱ्यावर सभासदांची नावं न सापडणं स्वाभाविक आहे. घाबरून जाऊ नका, आणि 'आजोबांचं नाव कुणी तरी उडवलं' असंही लिहू नका.

आता जमीन. आजचा सातबारा घ्या आणि वर्तुळात लिहिलेले फेरफार (हक्कातल्या बदलाच्या नोंदी) क्रमांक उलट्या क्रमाने उतरवून काढा. सिटी सर्व्हे झालेला असेल तर आधी मालमत्ता पत्रक, त्यावरून भूमी अभिलेख कार्यालयातली चौकशी नोंदवही आणि त्यातून जुना सर्व्हे नंबर व हिस्सा, असं मागे जायचं. गावात गटवारी (सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर देणं) झाली असेल तर जुना नंबर आणि नवा गट यांची जोड दाखवणारं पत्रक तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखकडे मिळतं. ही जोड न लावता थेट फेरफार वाचायला बसणं ही सर्वांत महागडी चूक. भलत्याच शेताचा इतिहास छापला जातो आणि तो शेतवाला स्मरणिका घेऊन दारात येतो.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. १९५० च्या आधीच्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात, वाचणारा आधी ठरवून ठेवा. एका नोंदीत पाच गोष्टी पाहायच्या: नोंदीचा क्रमांक, तलाठ्याने ती घातल्याची तारीख, हक्काचं स्वरूप, जमिनीचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात सर्कल अधिकाऱ्याचा शेरा. शेऱ्याची तारीख वेगळी असते, काही वेळा वर्षभराने उशिराची. खरं वजन हक्काच्या स्वरूपाच्या रकान्याला आहे. तिथे 'रजिस्टर खरेदीखताने' असं असेल तर रक्कम, दस्ताचा क्रमांक आणि दस्ताची तारीख असते. तिन्ही उतरवून घ्या. नुसतं 'वर्दीवरून' असेल तर कुणी तरी येऊन सांगितलं म्हणून नोंद झाली, मागे दस्त असेलच असं नाही. दस्त क्रमांक मिळाला की दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ मध्ये गाव आणि सालावरून तो काढता येतो. खरेदीखताची नक्कल मागितली की खरेदी देणार, घेणार, किंमत, चतुःसीमा सगळं हाती येतं.

खोतांच्या दानाचा निकाल इथेच लागतो. दान असेल तर बक्षीसपत्र निघेल, विक्री असेल तर खरेदीखत. 'खोतांनी जमीन दिली' या वाक्यातलं 'दिली' कोकणात दोन्हींना चालतं, आणि एका पिढीनंतर त्याचं 'दान दिली' होतं. अनेकदा गोष्ट अर्धी खरी असते: प्लॉटची जमीन विकत घेतलेली आणि विहिरीची, पाणंदीची किंवा देवळाची जागा मात्र फुकट सोडलेली. ही जागा वेगळ्या फेरफाराने आलेली असते, म्हणून एकच नोंद पाहून थांबू नका.

जमिनीची साखळी लांब का होते, तर काळच तसा होता. मुंबई खोती रद्द कायदा १९४९ चा, रत्नागिरी जिल्ह्यात तो मे १९५० पासून अमलात आला. तोपर्यंत जमीन खोत खासगी, खोत निसबत, धारे अशा वेगवेगळ्या नात्यांनी धरलेली असे, आणि कुणाकडे किती हे खोताच्या बोटखतात असे. नंतर कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. म्हणजे तुमची संस्था जमीन घ्यायला निघाली तेव्हा मालक नेमका कोण, हाच प्रश्न गावोगाव निकाली निघत होता. त्यात कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला परवानगी लागायची, आणि कुळाने कायद्याने खरेदी केलेली जमीन पुढे विकायला कलम ४३ ची. या परवानग्यांचे आदेश क्रमांक खरेदीखतात किंवा फेरफारात उद्धृत असतात. सड्याची जमीन वरकस म्हणून कुळाची भानगड कमी, हे बऱ्याचदा खरं असतं, पण गवतावर आणि राबावर (शेत भाजायच्या पाल्यावर) हक्क सांगणारे असतातच. 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यानंतर बिनशेती. १९६७ च्या ऑगस्टपर्यंत ती परवानगी १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ६५ खाली मिळे. १५ ऑगस्ट १९६७ पासून नवी संहिता आली आणि कलम ४४ झालं. आदेशाला मंजूर आराखडा जोडलेला असतो आणि त्यात तुमच्या कॉलनीचा मूळ चेहरा असतो: किती प्लॉट, रस्ते किती फुटी, मोकळी जागा कुठे. आज जिथे मंडप पडतो ती जागा मुळात कशासाठी सोडली होती, ते त्यावर कळतं. हा आराखडा संस्थेकडे नसेल तर तीन ठिकाणी माग लागतो. तलाठ्याचा गाव नमुना २ म्हणजे अकृषिक महसुलाची नोंदवही, तिथे आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळते. तो क्रमांक घेऊन प्रांत किंवा जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात जायचं. आणि भूमी अभिलेखकडे कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे कजाप म्हणतात, त्यात शेतीचं क्षेत्र कमी होऊन बिनशेती आणि रस्त्याखाली किती गेलं याचा हिशेब असतो. माझ्या मते कजाप हा या सगळ्यातला सर्वांत प्रामाणिक कागद. त्यात कुणाचा मोठेपणा नसतो, फक्त क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा.

मोजणीच्या जुन्या टिपणावरची मापं बघून गोंधळू नका. ती साखळी आणि आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच गुंठा. समजा प्लॉट २ साखळ्या ८ आणे लांब आणि २ साखळ्या रुंद आहे, तर अडीच गुणिले दोन म्हणजे ५ गुंठे, ५,४४५ चौरस फूट. आजच्या उताऱ्यावर हेक्टर-आर दिसतं; एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, फरक एका टक्क्याच्या आसपास. तेवढ्या फरकावरून 'शेजाऱ्याने जमीन खाल्ली' असा निष्कर्ष काढणारे दर कॉलनीत एक-दोन असतात.

घरपट्टीची पावती १९६३-६४ ची आणि राहायला आले १९६५ ला, यात विसंगती वाटते, पण नाही. पट्टी रिकाम्या प्लॉटवर लागली असू शकते, अर्धवट घरावर लागली असू शकते, किंवा आधी तिथे दुसरं कुणी राहत असेल. पावतीपेक्षा आकारणी नोंदवही महत्त्वाची. जागा ग्रामपंचायतीत असेल तर नमुना नंबर ८, नगरपालिकेत असेल तर त्या त्या फेरआकारणीची यादी. त्यात घराचं वर्णन असतं: भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती. हद्दवाढ झालेली असेल तर जुनं दप्तर ग्रामपंचायतीकडेच राहून गेलेलं असतं आणि नगरपालिका 'आमच्याकडे नाही' म्हणते. ते खरंच सांगत असतात.

माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असाल तर 'कॉलनीविषयी सर्व कागदपत्रे' असं लिहू नका. उत्तर 'आढळून येत नाही' असंच येईल. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि नोंदवहीचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, साल एवढं नेमकं. जमल्यास नक्कल मागण्याऐवजी अवलोकन मागा, कारण शेजारच्या पानावर जे दिसतं ते अर्जात मागता येत नाही. हेही लक्षात घ्या की सरकारी दप्तर वर्गवार ठेवतात: अ कायमचं, ब ३० वर्षं, क १० वर्षं, त्याखालचं आणखी कमी. म्हणजे साठ वर्षांपूर्वीची बांधकाम परवानगीची फाइल नष्ट झाली असेल तर त्यात कट-कारस्थान काही नाही. तिचा क्रमांक मात्र आवक-जावक किंवा दुसऱ्या एखाद्या आदेशात सापडू शकतो.

आता त्या सात वर्षांकडे येऊ. पैशापासून सुरुवात करा. १९५४ च्या अल्प उत्पन्न गट गृहनिर्माण योजनेच्या सुरुवातीच्या नियमांत वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला खर्चाच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८,००० रुपये कर्ज मिळे. शिक्षक, कारकून, पोस्टातला माणूस यांचं घर उभं राहिलं ते अशा कर्जावर, आणि उरलेले २० टक्के व जमिनीचा हप्ता जमेपर्यंत प्लॉटवर नुसती हद्दीची दगडं असत. सरकारी कर्ज घेतलं असेल तर बोजाची नोंद आणि पुढे बोजा कमी केल्याची नोंद, दोन्ही फेरफारात असतात. सगळे बोजे एका कागदावर तारखेने मांडा, कॉलनी कोणत्या क्रमाने बांधली गेली ते डोळ्यांसमोर येतं.

दुसरं सिमेंट. ते परवान्यावर मिळायचं आणि कोकणात रेल्वे नव्हती. पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ ला. माल एकतर घाटातून ट्रकने किंवा बंदरावर गलबताने. म्हणून जोतं आणि भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या, सांधा मातीचा किंवा चुन्याचा, सिमेंट फक्त बाहेरून दरजा भरायला, कोब्याला आणि खिडकीवरच्या लिंटलला. तिसरा पाऊस. दसऱ्यानंतर काम सुरू आणि मृगाच्या आत कौलं चढलीच पाहिजेत, नाहीतर मातीच्या सांध्याची उघडी भिंत पावसात बसते. वर्षातले जेमतेम सात-आठ महिने. एका मोसमात पैसे कमी पडले की काम वर्षभर मागे.

चौथं, आणि माझ्या मते सर्वांत मोठं, पाणी. सड्याचा जांभा सच्छिद्र. पाऊस धो धो पडतो आणि सरळ खाली निघून जातो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. जुनं गाव खाली वसलं ते त्यामुळे. वर कॉलनी करायची तर कातळ फोडून खोल विहीर हवी, नाहीतर नळाची वाट बघायची. संस्थेच्या इतिवृत्तात 'विहीर', 'पंप', 'नळजोडणी' हे शब्द कुठे पहिल्यांदा येतात ते शोधा. बिऱ्हाडं त्याच्या आगेमागे आलेली सापडतील.

घरं स्वतःही बोलतात, फक्त त्यांचं सगळं खरं मानायचं नाही. हाताने घडवलेल्या चिऱ्यावर तिरक्या टाच्या दिसतात आणि दोन चिरे एका मापाचे नसतात. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर सरळ समांतर रेघा, म्हणजे ती भिंत नंतरची. लिंटल कुठे फुटलं असेल तर आतली सळई बघा: साधी गुळगुळीत गोल असेल तर काम जुनं, पीळ दिलेली टॉर सळई रुळली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. मंगळुरी कौलावर कारखान्याचा शिक्का असतो आणि त्यावर लोक फार भरवसा ठेवतात. तो चुकीचा आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात, आणि जुनं घर उतरवलं की ती पुन्हा वापरली जातात. १९६५ च्या घरावर बासेल मिशन या जुन्या कौल कारखान्याच्या शिक्क्याची कौलं मिळाली तर घर पहिल्या महायुद्धाच्या आधीचं ठरत नाही, कौलं कुणाच्या तरी मूळ घरावरून आली एवढंच ठरतं.

तारीख नसलेल्या चिठ्ठ्या आणि पावत्यांना काही सोप्या कसोट्या लागतात. रक्कम रुपये-आणे-पै मध्ये असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, पण वयस्क खजिनदार पुढेही काही काळ आणे लिहीत राहिले. 'न. पै.' (नये पैसे) असेल तर एप्रिल १९५७ ते मे १९६४. १ जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते पैसे झाले. मथळ्यावर मुंबई राज्य असेल तर छपाई १ मे १९६० पूर्वीची. छापील कागद संपेपर्यंत वापरत, म्हणून मजकूर नंतरचा असू शकतो. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

आणखी एक साधन फारसं कुणाला माहीत नसतं. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर ती गावाच्या अक्षांश-रेखांशावरून शोधता येतात. आधीच स्कॅन झालेली फुकट मिळतात. कोकणासाठी नोव्हेंबर ते मे मधलीच बघा, बाकी ढगच दिसतील. घर ठिपक्याएवढं दिसतं, पण मातीचे रस्ते आणि गडगे (दगडी कुंपणं) उघड्या सड्यावर ठळक उमटतात. वेगवेगळ्या सालांची दोन छायाचित्रं शेजारी ठेवली की मधल्या काळात काय वाढलं ते कळतं.

क्रम एवढा ठेवा: नोंदणी दाखला, सातबारा ते फेरफार, खरेदीखत, बिनशेती आदेश आणि कजाप, आकारणी नोंदवही, मग इतिवृत्तं. माणसांशी बोलायचं सर्वांत शेवटी, कारण तेव्हा विचारायला नेमके प्रश्न हातात असतात.

आणि विचारताना साल विचारू नका. साल माणसं हमखास चुकतात, शिवाय कमान बघून दुरुस्त करतात. प्रसंगावर बोट ठेवा. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या १९६५ च्या दसऱ्याला पाकिस्तानशी शस्त्रसंधी होऊन दोन आठवडेही झाले नव्हते; दिव्यांवर कागद लावल्याचं, अंधाराचं काही आठवतं का ते विचारा. धाकट्या भावंडाचं जवळच्या शाळेत नाव कधी घातलं ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तारखेसह असतं. कॉलनीतल्या जुन्या बायकांना आधी विचारा, कारण पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुठून आणलं आणि किती खेपा झाल्या हे त्यांना पक्कं आठवतं. आणि ज्याला काहीच आठवत नाही त्याला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा साडेचारही वाजले नव्हते. त्या पहाटे कोण कुठल्या घरात झोपलं होतं आणि धावत बाहेर आल्यावर अंगणात शेजारी कोण कोण उभं होतं, एवढं प्रत्येक घरातून लिहून घ्या. त्यावेळी कॉलनीत कोण राहत होतं त्याची यादी तयार होईल.